आईला सांग

माझा आवाज गेला तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. वेळ नक्की सांगता येते, कारण नरखेडच्या वार्ताहराचा ट्रंक कॉल आला होता आणि अशा कॉलची वेळ आम्ही वहीत लिहीत असू. मी फोन उचलून "हॅलो" म्हटले. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा म्हटले. पलीकडून तो ओरडत होता, "हॅलो! अजी, कोणी हाय का नाई तिकडं? का पेपर बंद झाला?" मी रिसीव्हर शेजारच्या सहकाऱ्याकडे दिला. त्याने संत्र्यांच्या बागांवर पडलेल्या गारांची बातमी उतरवून घेतली. मी वहीत १२-१० असे लिहिले आणि बसून राहिले.

नागपूरच्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक होते. आणीबाणी उठून वर्ष झाले होते. माझे वय चौतीस. महालात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही तिघे राहत होतो: मी, यजमान आणि नऊ वर्षांची मंजू. यजमान सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर हात उचलणे नाही. गल्लीत त्यांना मान होता.

त्या दिवशी त्यांनी माझ्याशी बोलणे बंद केल्याला आठ महिने बावीस दिवस झाले होते.

अबोला

हा शब्द ऐकला की लोक हसतात. गाण्यांतला अबोला दोन दिवसांचा असतो, लटक्या रागाचा, गजऱ्याने संपणारा. माझ्या घरातला तसा नव्हता.

पहिला लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात झाला, चार दिवसांचा. पुढचा पंधरा दिवसांचा. मंजूच्या जन्मानंतरचा दोन महिने टिकला. शेवट दर वेळी एकच. मी पाया पडून माफी मागायची. ते म्हणायचे, "समजलं ना आता?" मी म्हणायची, "समजलं." काय समजले, ते मला आजही माहीत नाही.

या वेळचे कारण मी अंदाजाने सांगते. कचेरीतले दोन पाहुणे जेवायला होते. बोलता बोलता यजमानांनी एका मंत्र्याचे खाते चुकीचे सांगितले. ती बातमी आदल्या दिवशी माझ्या हाताखालून गेली होती. मी बरोबर खाते सांगितले आणि आमटी वाढली. पाहुणे गेले. त्यानंतर शब्द नाही. मी सात वेळा माफी मागितली. ती स्वीकारली गेली नाही.

घर मात्र चालू होते. ते बाहेरच्या खोलीत, मी आत स्वयंपाकघरात. मी बाहेर गेले की ते उठून गॅलरीत जात. काही सांगायचे असले की मंजूला जवळ बोलावत, हळू आवाजात सांगत. त्यांचा आवाज नेहमीच हळू असे. मंजू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. "आई, बाबा म्हणतात, उद्या डबा नको." मी उत्तर द्यायची, ती परत जायची. सुरुवातीला तिला तो खेळ वाटत असावा. एकदा म्हणाली, "मी तुमचा टेलिफोन आहे ना?" मी हसले होते.

गळा स्वच्छ आहे

रामदासपेठेतल्या घशाच्या डॉक्टरांकडे यजमान स्वतः मला घेऊन गेले. रिक्षात मंजू आमच्या दोघांच्या मध्ये बसली. बाहेर, परक्यांसमोर, ते माझ्याविषयी काळजीने बोलत. माझ्याशी बोलत नसत, एवढेच.

डॉक्टरांनी आरसा घशात घालून पाहिले. म्हणाले, "आता खोका बरं."

मी खोकले. खोकल्याला आवाज होता. चांगला खणखणीत.

"म्हणजे यंत्र शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आरसा खाली ठेवला आणि यजमानांकडे पाहिले. रोग मला होता, पण नवरा समोर असला की डॉक्टर नवऱ्याशी बोलतात. "घरात काही ताण आहे का?"

यजमान हसले. "आमच्या घरात आवाजसुद्धा चढत नाही, डॉक्टरसाहेब. शेजाऱ्यांना विचारा."

हे खरे होते. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी खुर्चीत बसून त्यात चूक शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती.

डॉक्टरांनी मोठ्या सरकारी इस्पितळातल्या मानसोपचार विभागाच्या नावाने चिठ्ठी लिहिली. म्हणाले, असे आवाज जातात, येतातही, घाबरू नका. रस्त्यावर आल्यावर यजमानांनी चिठ्ठी वाचली, चार घड्या करून खिशात घातली. घरी पोचल्यावर मंजू दारात आली. "आई, बाबा म्हणतात, वेड्यांच्या दवाखान्यात तुला जायचं असेल तर जा." थोडे थांबून म्हणाली, "ते म्हणतात, एकटी जा."

चिठ्ठी मला मिळायला तीन आठवडे लागले. ती रद्दीत होती.

गुरुवार

मला भीती रोगाची नव्हती, कागदाची होती. मी बातम्यांतून अशी प्रकरणे वाचलेली होती. बाईच्या नावे त्या विभागाचा एक केसपेपर निघाला की तो पुढे केव्हाही बाहेर काढता येतो. हिचे डोके ठिकाणावर नाही, मूल हिच्याजवळ कसे ठेवायचे, असे विचारता येते. मंजू हातची जाईल, ही एकच गोष्ट मला त्या काळात स्पष्ट दिसत होती. बाकी सगळे धूसर होते.

मुख्य उपसंपादकांना मी कागदावर लिहून विचारले, दर गुरुवारी दुपारची रजा मिळेल का. त्यांनी चष्मा वर केला. "बाई, फोन तुम्ही घेऊ नका, वार्ताहरांची कॉपी तपासा. कॉपीला आवाज लागत नाही. आणि गुरुवारची पुरवणी मी पाहतो, दुपारी जा तुम्ही." दोन वर्षांत त्यांनी माझ्याशी काढलेले हे सर्वात लांब बोलणे होते. पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी एकदाही विचारले नाही की मी कुठे जाते.

इस्पितळाचा दिनक्रम असा. बाराला केसपेपरची खिडकी. पदर डोक्यावरून, मान खाली, कारण कंपाउंडर महालातला निघू शकतो. मग लोखंडी बाक. बाकावर डावीकडे अंग झुलवणारा एक मुलगा आणि त्याची आई, उजवीकडे फीट येणारी माणसे. डॉक्टर तीन मिनिटे पाहत. पांढऱ्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडायचे आणि कॉपीवरच्या ओळी हलायच्या. एका गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतोच आहे. पण तुम्ही मागच्या खोलीत कुमुदताईंकडे बसत जा."

मागची खोली दवाखान्याच्या टोकाला होती. भिंतीवर कुटुंबनियोजनाचे तक्ते, कोपऱ्यात तान्ह्या मुलांचे वजन करायचा काटा, खाली सतरंजी. कुमुदताई समाजसेविका होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या. दोन ते चार त्या सात-आठ बायकांना घेऊन बसत.

हा वेगळा गट होता. मार खाल्लेल्या बायकांचा गट मंगळवारी बसे. आमच्यासारख्या आधी त्याच गटात बसायच्या आणि गप्प राहायच्या. कोणाच्या हातावर डाग आहेत, कोणाचा दात पडला आहे. तिथे "माझ्याशी बोलत नाहीत" हे सांगायची लाज वाटे. म्हणून ताईंनी गुरुवार वेगळा काढला. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "इथे कोणाचं दुःख लहान आहे की मोठं, हे मोजायचं नाही. मोजायला तो काटा आहे, तो लेकरांचा आहे."

सुगंधाबाईंच्या हातची मोसंबी

सुगंधाबाई नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून एसटीने येत. घरी मोसंबीची बाग, विहिरीवर पंप, दाराशी मोटारसायकल. वय माझ्याएवढेच. त्यांचा उजवा हात थरथरायचा. कप धरला की चहा सांडायचा.

"माह्या हातचं कोणी खात नाई जी," त्या पहिल्यांदा बोलल्या तेव्हा खाली बघून बोलल्या. "लेकरू गेलं तवापासून. सहा साल झाले. सासू म्हणते, इच्या हातात विख हाये. माहा नवरा बोलत नाई काही, पण ताट पुढं सारते. सयपाक जाऊ करते. मी बसून राहतो. हात बसून बसून असा झाला, पहा."

वत्सला नावाची एक बाई गटात होती. इंदोऱ्याच्या दलित वस्तीत राहायची, नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. तिचा नवरा तिला चारचौघांत "मास्तरीण" म्हणून हिणवायचा आणि तिने मिळवलेले प्रत्येक प्रमाणपत्र लपवून ठेवायचा. ती फटकळ होती. म्हणाली, "तुमच्या पिशवीत काय आहे, सुगंधाबाई? सारखी पकडून काहून बसता?"

पिशवीत मोसंबी होती. ताईंसाठी आणली होती आणि तीन गुरुवार ती तशीच परत गेली होती.

"सोला," वत्सला म्हणाली.

सुगंधाबाईंनी सोलायला घेतली. हात थरथरत होता, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कोणी मदत केली नाही. मी करायला पुढे झाले तेव्हा ताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चार मोसंबी सोलायला पंधरा मिनिटे लागली. मग आठ हात पुढे झाले. एकेक फोड तळव्यावर पडली. सगळ्यांनी खाल्ली. सुगंधाबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. आम्ही जिवंत राहतो की नाही, हे त्या खरोखर पाहत होत्या.

उंबऱ्यातली लेक

कुमुदताईंच्या उपचाराला तेव्हा काही नाव नव्हते. निदान त्यांनी आम्हाला सांगितले नाही. पुढे वाचनात आले की स्वतःविषयी करुणा बाळगायला शिकवण्याच्या अशा पद्धती आहेत. आमच्याकडे ते असे झाले.

ताईंनी विचारले, "माहेरी तुमची लेक आली आहे. न कळवता आली. उंबऱ्यात उभी आहे, हातात पिशवी आहे. पहिलं वाक्य काय बोलाल?"

उत्तरे भराभर आली. ये. बस. पाणी घे. किती वाळली वं माय. एकीनेही म्हटले नाही की तू काय चूक केलीस.

"आता उंबऱ्यात लेक नाही. तुम्हीच उभ्या आहात. आत तुम्हीच आहात. काय म्हणाल?"

सुगंधाबाई म्हणाल्या, "मी तं दारच नाई उघडत."

मला आवाज नव्हता. मी कागदावर लिहून ताईंकडे दिले. त्यांनी मोठ्याने वाचले: "परत कधी जाणार?"

कोणी हसले नाही. प्रत्येकीने ते वाक्य कुठल्या ना कुठल्या दारात ऐकले होते.

त्यांनी रोजचा एक अभ्यास दिला. दिवसातून एकदा स्वतःसाठी पेला भरायचा. उभ्याने नाही, बसून प्यायचे. पिण्याआधी स्वतःला, लेकीला म्हणतो तसे म्हणायचे: बस, पाणी घे. मला ते पोरकट वाटले. नेमून दिलेले काम म्हणून केले. वहीत रोज खूण केली. चौथ्या दिवशी पेल्याशी रडू आले, सहाव्या दिवशी राग आला. नंतर सवय झाली. तेविसाव्या दिवशी ओठांतून "घे" हा शब्द बाहेर पडला. घोगरा, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा. मी मागे वळून पाहिले. स्वयंपाकघरात दुसरे कोणी नव्हते.

ही गोष्ट मी घरी कोणाला सांगितली नाही. मंजूलाही नाही.

संपर्क होऊ शकला नाही

आवाज एखाद-दुसऱ्या शब्दापलीकडे जात नव्हता. ताई म्हणाल्या, "तुम्ही पेपरात लिहिता. तुमच्या घरची बातमी लिहून आणा."

मी नऊ ओळींची बातमी लिहिली. वत्सलाने गटात वाचली. महाल भागातील एका कुटुंबात पतीने पत्नीशी अकरा महिन्यांपासून संभाषण बंद केले असल्याचे समजते. सदर गृहस्थ शासकीय सेवेत असून परिसरात त्यांच्याविषयी आदराची भावना आहे. घरात कोणताही वाद अगर आरडाओरडा झालेला नाही, असे त्यांनी सांगितले. शेजाऱ्यांनीही त्यास दुजोरा दिला. पत्नीने पाहुण्यांसमोर त्यांचे बोलणे दुरुस्त केल्याने हा प्रकार घडला असावा, असा अंदाज आहे.

बातमी चांगली होती. मुख्य उपसंपादकांनी ती एकही शब्द न बदलता लावली असती.

सुगंधाबाईंना वाचता येत नव्हते. त्या कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "झाली?"

"झाली," वत्सला म्हणाली.

"अन् थे बाई कुठं हाये? नवऱ्याचं सांगतलं, शेजारच्याईचं सांगतलं. तिले काय वाटते, थे काहून नाई लिवलं? पेपरवाल्या बाई, तिले इचारलंच नाई का तुमी?"

दहा वर्षे मी लोकांच्या कॉपीवर लाल शाईने लिहीत आले होते: दुसरी बाजू घ्या. माझ्या बातमीत यजमानांची बाजू होती, गल्लीची होती. मी कागद ओढून घेतला आणि आम्ही नेहमी लिहितो ते वाक्य खाली लिहिले: तिच्याशी संपर्क होऊ शकला नाही.

वत्सलाने ते वाचले आणि कागद उलटा करून सतरंजीवर ठेवला. ताई म्हणाल्या, "मग आता करा संपर्क. घाई नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत."

मूळ प्रत

पुढच्या गुरुवारी ताई रजेवर होत्या. मी लवकर घरी आले आणि मागच्या जिन्याने स्वयंपाकघरात शिरले. यजमान सुटीवर होते, बाहेरच्या खोलीत जेवत होते; मंजू त्यांना वाढत होती. मी आले आहे, हे दोघांना ठाऊक नव्हते. त्यामुळे त्यांनी आवाज नेहमीइतका खाली ठेवला नव्हता.

"तिला सांग, हे कुत्रंसुद्धा खाणार नाही. सांग, आवाज गेला तसा जीवही गेला असता तर घर सुटलं असतं."

हा मजकूर छापायला देण्याआधी मंजूने वाचला आहे. मी इथे आधी जरा सौम्य वाक्य लिहिले होते. तिने ते खोडून मूळ वाक्य परत घातले.

पावले आली. मंजू दारात उभी राहिली, मला बघून दचकली. मग तिने रोजच्याच आवाजात निरोप दिला. "आई, बाबा म्हणतात, आमटीत मीठ थोडं जास्त झालंय."

तिने दोन क्षण विचारही केला नाही. वाक्य तयार होते. इतक्या सफाईने मजकूर बदलणारी माणसे माझ्या कचेरीत दोनच होती, आणि त्यांना पंधरा वर्षांचा अनुभव होता.

म्हणजे अकरा महिने मला मिळत होते ते छाटलेले होते. छाटलेले कुठे जात होते, हे मला कळले. नऊ वर्षांच्या मुलीत. आणि मी तिच्या हाती चिठ्ठ्या देत होते, दुकानात तिला माझ्यासाठी बोलायला लावत होते. टेलिफोन म्हणाली तेव्हा हसले होते.

मी तिला विचारायला हवे होते. त्या दिवशी, तिथेच. मी विचारले नाही. मान हलवली आणि ताट वाढले.

गटात हे सांगायला मला दोन पाने लागली. शेवटी लिहिले होते: हे मी केले. ताईंनी "तुमचा दोष नाही" असे म्हटले नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्या म्हणाल्या, "उंबऱ्यात तुम्ही उभ्या आहात आणि तुमच्या मागे तुमची लेक उभी आहे. पाणी दोघींनाही लागेल. आधी कोणाला?"

"मंजूला," मी म्हटले. ते आवाजात म्हटले. खोलीत सगळ्यांनी ऐकले.

एकोणीस दिवस

दोन दिवसांनी मंजू दारात आली. "आई, बाबा म्हणतात..." मी तिच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. तिचा हात धरून बाहेरच्या खोलीत गेले. यजमान वर्तमानपत्र वाचत होते. ते उठून गॅलरीत जायच्या आत मी म्हणाले, "मंजू आजपासून निरोप सांगणार नाही. मला सांगायचं असेल ते मला सांगा."

घोगरा आवाज होता, तुटक. पण वाक्य पूर्ण झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, वर्षात पहिल्यांदा. मग मंजूकडे पाहिले. वर्तमानपत्राची घडी केली आणि बाहेर गेले.

त्या संध्याकाळपासून ते मंजूशीही बोलायचे थांबले.

हे मला आधी सुचायला हवे होते. मी त्यांना अकरा वर्षे ओळखत होते. तिचा निरोप्यापणा मी सोडवला होता आणि तिला माझ्या बाकावर आणून बसवले होते. ती पहिले तीन दिवस त्यांच्यामागून फिरली. कविता म्हणून दाखवली. बूट पुसून ठेवले. ते तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत. पाचव्या दिवसापासून तिने फिरणे सोडले. शाळेतून चिठ्ठी आली की ती वर्गात उत्तरे देत नाही.

एकोणिसाव्या दिवशी तिने त्यांच्यापुढे प्रगतिपुस्तक धरले. त्यांनी सही केली आणि ते तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवले. ती ते उचलून माझ्याकडे आली.

"आई, बाबांना सांग ना, मी काहीच नाही केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कचेरीत गेल्यावर आम्ही दोघी दोन पिशव्या घेऊन निघालो. इंदोऱ्यात वत्सलाच्या शेजारी एक खोली होती, ती तिने आधीच बघून ठेवली होती. मी तिला सांगितले नव्हते. ती म्हणाली, "तुम्ही सांगायची वाट पाहिली असती तर खोली गेली असती नं, ताई."

नंतर

महालात काय बोलले गेले ते माझ्यापर्यंत पोचले. डोके फिरले. वस्ती तरी बघून राहायचे. इस्पितळाचा कागद आहे म्हणतात. माझ्या थोरल्या भावाने लिहिले की आईवडील नाहीत हे बरेच झाले. यजमान कोर्टात गेले नाहीत, आले नाहीत, पत्र पाठवले नाही. तो अबोला अजून चालू आहे. ज्या कागदाला मी इतकी घाबरत होते तो कोणी कधी बाहेर काढला नाही. त्यांना मंजू नकोच होती, हे समजायला मला वर्ष लागले. मंजूला ते माझ्या आधी समजले होते.

सुगंधाबाई पावसाळ्यात यायच्या बंद झाल्या. पत्ता ताईंकडे होता, दोन पत्रे गेली, उत्तर नाही. पुढे कित्येक वर्षे नरखेडहून विहिरीत कोणी पडल्याची बातमी आली की मी आधी नाव पाहत असे. त्यांचे नाव आले नाही. एवढेच सांगता येते.

माझा आवाज साठ टक्के परत आला असेल. फोनवर लोक मला "साहेब" म्हणतात. पाणी अजूनही बसून पिते. ज्या बायका हे वाचत असतील आणि आपल्याला कोणी मारत नाही म्हणून गप्प असतील, त्यांना एकच सांगते. शेजाऱ्यांना ऐकू न येणाऱ्या गोष्टीनेही माणूस आजारी पडतो. दवाखान्यात जा. कागदाला घाबरू नका. आणि मधे कोणी लहान उभे आहे का, ते आधी पाहा. मी उशिरा पाहिले.

मंजू पंधरा वर्षांची असताना एका रविवारी आमचे भांडण झाले. कारण क्षुल्लक होते. मी तिला वत्सलाकडे निरोप देऊन पाठवत होते. "मावशीला सांग," एवढेच म्हटले. ती दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात थांबली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. मग ओरडली. तिचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तुला माहीत होतं! तू त्या दिवशी आत होतीस, तू ऐकलं होतंस! मीठ जास्त झालंय म्हटलं तर तू मान हलवलीस! विचारलं का नाहीस मला?"

आणि ती सांगू लागली. जे छाटले होते ते सगळे. दिवाळीच्या आदल्या दिवशी काय म्हणाले. माझ्या नव्या लुगड्यावर काय म्हणाले. मला ताप होता तेव्हा काय सांगायला सांगितले आणि तिने काय सांगितले. दोन्ही प्रती तिला पाठ होत्या, शब्दासकट. समोरच्या घराची खिडकी उघडली. ती थांबली नाही.

मी मधे बोलले नाही. ज्याची बाजू कधी घेतली नाही, तो बोलत असताना मधे बोलू नये, एवढे मला नोकरीने शिकवले होते. पण ती मध्येच थबकली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा चेहरा अचानक नऊ वर्षांचा झाला.

"आई," ती म्हणाली. "आई, बोल ना गं. बोलणं नको बंद करू."

"बोलते आहे," मी म्हणाले. "बंद नाही केलं. बस. पाणी घे."

ती उंबऱ्यावरच बसली. पेला तिने दोन्ही हातांनी धरला होता. सगळे पाणी प्यायली, पेला खाली ठेवला, तोंड पुसले.

"अजून आहे," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले.

"सांग."